ताप न येणारं आजारपण: साठीनंतरची रोगप्रतिकारशक्ती घरात कशी ओळखावी, कशी जपावी

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. सासूबाईंनी सकाळचा चहा तसाच ठेवला आणि कपावर साय धरली. त्यांचं वय तेव्हा ७८, आणि चहा गार होऊ देणं त्यांच्या स्वभावात नाही. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, जरा पडते." ताप पाहिला, ९९.१. खोकला नावापुरता. दुपारी जेवल्या नाहीत आणि संध्याकाळी मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली. जवळच्या दवाखान्यात "वयाचा अशक्तपणा आहे" असं सांगून टॉनिक लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा श्वास मोजला, तर मिनिटाला २८. एक्सरेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला. नऊ दिवस हॉस्पिटलात काढून त्या घरी आल्या. पण तो पहिला दीड दिवस मी थर्मामीटरवर विसंबून घालवला, हे अजून मनातून जात नाही.

त्यानंतर मी वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले आणि घरातल्या बऱ्याच सवयी बदलल्या. ज्यांच्या घरी आई-वडील, सासू-सासरे, आजी-आजोबा आहेत त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहिते आहे.

आधी समजून घ्या: आत काय बदलतं

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात, आपलं कोण आणि परकं कोण हे शिकतात आणि मग रक्तात येतात. जॅक मिलर या शास्त्रज्ञाने १९६१ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून या ग्रंथीचं महत्त्व दाखवून दिलं, तोवर ती बिनकामाची समजत. लहानपणी ती भरात असते. वयात आल्यापासून तिच्या जागी हळूहळू चरबी भरत जाते आणि साठी-सत्तरीपर्यंत नव्या टी-पेशींची भरती अगदी थोडी उरते. जुन्या पेशी मात्र टिकून असतात. म्हणून लहानपणी गोवर येऊन गेलेल्या आजोबांना सत्तरीत सहसा तो पुन्हा होत नाही, पण शरीराने कधीच न पाहिलेला विषाणू आला की त्यांची पंचाईत होते. कोविडमध्ये आपण हेच पाहिलं. १ मार्च २०२१ ला देशात सर्वसामान्यांसाठी लस खुली झाली, तेव्हा पहिला मान साठीपुढच्यांना दिला होता तो याच कारणाने.

प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, बनवणाऱ्या बी-पेशीही पूर्वीइतकं नेमकं काम करत नाहीत, त्यामुळे लशीचा परिणाम तरुणांपेक्षा कमी पडतो. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जखमेकडे किंवा जंतूंकडे सगळ्यात आधी धावणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या रिपोर्टमध्ये ठीक दिसते, पण त्या वाट चुकतात, उशिरा पोचतात. "पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत" या एका वाक्यावर निर्धास्त होऊ नये.

याशिवाय शरीराच्या तटबंदीलाच भेगा पडतात. कातडी पातळ होते. खोकल्याची उबळ दुबळी होते, त्यामुळे घशातलं पाणी आणि लाळ नकळत फुप्फुसात उतरते. पोटातलं आम्ल अनेकांत कमी होतं. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

आणि याच्या अगदी उलटी गोष्टही त्याच शरीरात चालू असते. संसर्गाशी लढायला कमी पडणारी ही यंत्रणा विनाकारण धुमसत मात्र राहते. क्लाउदिओ फ्रान्चेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने २००० साली वार्धक्यातल्या या मंद, सततच्या दाहाला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. चुलीतला विस्तव राखेखाली धगधगत राहावा तसं. पोटावरची चरबी, सुजलेल्या हिरड्या, म्हाताऱ्या होऊनही न मरणाऱ्या पेशी त्याला हवा घालतात. रक्तवाहिन्या अरुंद होणं, मधुमेह, स्नायू झिजणं या सगळ्यांत या दाहाचा वाटा असतो. फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट होतो, असं २०१८ साली कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं. फ्लूची लस हृदयरोग्यांनी चुकवू नये, ते यासाठी.

पहिली पायरी: बरं असताना वही भरा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि त्याला फक्त एक वही लागते. माणूस धडधाकट असताना सलग तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्याचा ताप मोजा. अनेक म्हाताऱ्या माणसांचा नेहमीचा आकडा ९८.६ नसतो, त्याहून खाली असतो. आमच्या सासूबाईंचा ९७.२ च्या आसपास निघाला. म्हणजे त्या दिवशीचा ९९.१ हा त्यांच्यासाठी जवळजवळ दोन अंशांनी चढलेला होता आणि मी तो वाचला "नॉर्मल" म्हणून.

ज्येष्ठांसाठी डॉक्टर वापरतात तो हिशेब असा. तोंडात मोजलेला ताप एकदा जरी १०० च्या वर गेला, किंवा पुन्हा पुन्हा ९९ च्या वर येत राहिला, किंवा नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन अंशांनी वाढला, तर संसर्ग शोधायचा. चहा प्यायल्यावर लगेच मोजू नका, अर्धा तास जाऊ द्या. आणि गंभीर संसर्ग असलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातल्या एकाला, कधी त्याहून जास्त जणांना, ताप येतच नाही किंवा अगदी कमी येतो. त्यामुळे वहीत फक्त ताप लिहून भागणार नाही.

श्वास मोजा. माणूस स्वस्थ पडलेला असताना, त्याला न सांगता, पोट किंवा पदर वर-खाली होतो ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. सांगितलं की श्वास बदलतो, म्हणून मी नाडी पाहतेय असं दाखवून मनगट धरते आणि डोळे पदरावर ठेवते. १२ ते २० ठीक. २४-२५ च्या पुढे गेला आणि तसाच राहिला, तर ताप असो-नसो, त्याच दिवशी डॉक्टर. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेलच, त्याचाही नेहमीचा आकडा लिहून ठेवा. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा. ज्यांना दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार नाही त्यांचा आकडा ९४ च्या खाली राहिला तर थांबू नका.

बाकीचं साध्या शब्दांत लिहा. किती वाजता उठतात, किती भाकऱ्या खातात, रात्री लघवीला किती वेळा उठतात, जिना स्वतः चढतात का, पेपर वाचतात का, देवपूजेला किती वेळ लागतो. महिन्यातून एकदा वजन.

दुसरी पायरी: बदल दिसला की तोच आजार समजा

म्हाताऱ्या शरीराला ओरडून सांगता येत नाही. ते खुणा करतं, आणि त्या खुणांना आपण "वय झालं, चालायचंच" म्हणतो. अचानक जेवण सुटणं, दोन दिवसांत दोनदा पडणं, कपड्यात लघवी होऊ लागणं, दिवसभर गुंगीत असणं, घरातल्यांची नावं चुकणं, रात्री बरळणं. जुनी माणसं याला "वातात बोलतात" म्हणायची. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. काल संध्याकाळपर्यंत नीट असलेला माणूस आज भ्रमात गेला, तर आधी संसर्ग, औषधाची चूक, पाणी किंवा सोडियम कमी होणं, साखर खाली-वर होणं, लघवी तुंबणं हे शोधावं लागतं. गप्प गप्प पडून राहणाराही भ्रमातच असू शकतो, आणि तोच जास्त नजरेतून सुटतो, कारण तो कुणाला त्रास देत नाही.

डॉक्टरांपुढे "अशक्तपणा आला आहे" असं म्हणू नका. या शब्दाला टॉनिक मिळतं. असं सांगा: "परवापर्यंत ह्या स्वतः अंघोळ करायच्या, दोन भाकऱ्या खायच्या. काल सकाळपासून उठलेल्या नाहीत. नेहमीचा ताप ९७.२, आज ९९.१. श्वास मिनिटाला २८." वही पुढे ठेवा. मी हे त्या दिवशी बोलू शकले असते तर, असं राहून राहून वाटतं.

ओठ निळसर, बोलताना धाप, जागं करूनही न उठणं, लघवी जवळजवळ बंद होणं, हातपाय थंडगार पडणं, यातलं काहीही दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. गुडघेदुखीसाठी रोज पॅरासिटामॉल चालू असेल तर ताप त्याखाली झाकला जातो, म्हणून मोजायचा तो गोळी घ्यायच्या आधी. आणि लघवीच्या तपासणीत जंतू दिसले म्हणून लगेच अँटिबायोटिक मागू नका. अनेक वयस्क बायकांच्या लघवीत जंतू असतात आणि काही त्रास नसतो. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं, नव्याने वारंवार जावं लागणं, असं काही असेल तरच उपचाराला अर्थ आहे. नुसत्या रिपोर्टवर घेतलेलं औषध पुढच्या खऱ्या संसर्गाला बोथट होऊन बसतं.

तिसरी पायरी: लशी

"ह्या वयात कसल्या लशी" असं घरोघरी ऐकू येतं. लशींचा परिणाम या वयात थोडा कमी पडतो हे खरं, पण धोका इतका वाढलेला असतो की तेवढ्या परिणामानेही माणूस हॉस्पिटलबाहेर राहू शकतो.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप पालटतो. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी थंडीत. त्यामुळे एप्रिल-मे, म्हणजे पावसाआधी, ही महाराष्ट्र-गोव्यासाठी योग्य वेळ.

न्यूमोनियाची म्हणतात ती न्यूमोकोकल लस. यात वेगवेगळे प्रकार आहेत. काहींचा एकच डोस पुरतो, काहींनंतर साधारण वर्षाने दुसऱ्या प्रकारची लस घ्यावी लागते. आधी कोणती घेतली त्याचं कार्ड दाखवूनच ठरवा. धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी. शेतात-परसात काम करणाऱ्यांनी तर नक्कीच.

ताप असताना किंवा दुखणं अंगावर असताना लस पुढे ढकला. स्टिरॉइड, केमो किंवा संधिवाताची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

नागीण: याबद्दल जरा सविस्तर

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो पन्नास-साठ वर्षं झोपून राहतो. टी-पेशींचा पहारा ढिला पडला की जागा होतो आणि त्या एकाच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून नागिणीचे फोड एकाच बाजूला, पट्ट्यासारखे येतात आणि सहसा मधली रेघ ओलांडत नाहीत. फोड यायच्या दोन-तीन दिवस आधी तिथे जळजळ होते, चमका मारतात. बरगडीला असेल तर हृदयविकार वाटतो, कंबरेला असेल तर मुतखडा.

आपल्याकडे समज आहे की नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस दगावतो. असं काही होत नाही. पण या भीतीने लोक मंत्र घालायला, काव लावायला धावतात आणि नेमके महत्त्वाचे तास हातचे जातात. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. या आजाराचं खरं दुखणं फोड सुकल्यावर मागे राहतं: त्या जागी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं आग. साडीचा काठ लागला तरी सहन होत नाही. वय जितकं जास्त तितका हा धोका जास्त. फोड कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा, कारण डोळा जाऊ शकतो.

फोड ओले असेपर्यंत झाकून ठेवा. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात. घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर एवढे दिवस लांब.

नागिणीची नवी लस, शिंग्रिक्स, भारतात २०२३ पासून मिळते. पन्नाशीपुढे, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. तिच्यात जिवंत विषाणू नाही. म्हातारपणी लशी कमी पडतात या नियमाला ही मोठा अपवाद आहे: चाचण्यांत सत्तरीपुढच्यांतही सुमारे ९० टक्के संरक्षण मिळालं. तिच्यात प्रतिकारशक्तीला ढोसून जागं करणारे घटक मिसळलेले असतात, त्यातला एक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. दंड दुखतो, एक-दोन दिवस ताप-अंगदुखी होते, हे आधीच सांगून ठेवा. लस महाग आहे. सगळ्यांना परवडणार नाही, हे लिहिताना वाईट वाटतं. पण दिवाळीला आई-बाबांना काय द्यावं असा विचार करत असाल तर याचा जरूर विचार करा.

चौथी पायरी: ताट आणि तोंड

प्रतिपिंडं प्रथिनांचीच बनतात. ज्येष्ठांना रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. ५० किलोच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम. मी एक दिवस सासूबाईंचं खाणं मोजलं: सकाळी चहा-खारी, दुपारी अर्धी भाकरी आणि भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री मऊ भात आणि पातळ आमटी. जेमतेम २० ग्रॅम.

भाषण देऊन ते वाढलं नसतं, पदार्थ बदलून वाढलं. सकाळी मुगाचं धिरडं आणि दही. दुपारी आमटीऐवजी घट्ट वरण. साधारण मूठभर कोरड्या डाळीत ७ ग्रॅम मिळतात. भाजीत दाण्याचं कूट सढळ हाताने. संध्याकाळी पेलाभर दूध. रात्री पिठलं किंवा कुस्करलेलं पनीर. खाणाऱ्यांना एका अंड्यात ६ ग्रॅम, आणि बांगड्याच्या एका बऱ्या तुकड्याने चांगलीच भर पडते. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. ड जीवनसत्त्व आणि शाकाहारी माणसांत बी-१२ तपासून घ्या. कमी असेल तर भरून काढा, नसेल तर उगाच गोळ्या नकोत.

कवळीबद्दल कुणी बोलत नाही. जपानमध्ये ८५ वर्षांपुढच्या ५२४ माणसांचा अभ्यास झाला. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला. कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. रोज रात्री कवळी काढायची, ब्रशने घासायची, पाण्याच्या वाटीत ठेवायची. हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ फडक्याने पुसायच्या. अंथरुणावर आडवं पाडून कधी भरवू नका. पाठीला लोड देऊन ताठ बसवा आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच राहू द्या.

पाणी ही एक वेगळीच ओढाताण असते. रात्री उठावं लागेल म्हणून म्हातारी माणसं दुपारपासूनच पाणी तोडतात. सकाळपासून चार वाजेपर्यंत जास्तीत जास्त पाणी, ताक, सरबत द्या, मग संध्याकाळी कमी केलं तरी चालतं. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णांना मर्यादा असेल तर तीच पाळा.

चालणं

इंग्लंडमधल्या संशोधकांनी ५५ ते ७९ वयाचे १२५ हौशी सायकलस्वार तपासले. २०१८ साली निष्कर्ष आले: त्यांच्या थायमसमधून येणाऱ्या नव्या टी-पेशींचं प्रमाण तरुणांसारखंच होतं. आपल्या घरच्यांनी शंभर किलोमीटर सायकल मारावी असं नव्हे. रोज अर्धा तास पाय मोकळे करणं आणि हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, इथून सुरुवात करा. जमत नसेल तर आधी टेबल धरून.

साखर, क्षय आणि इतर

साखर सतत चढी राहिली तर न्यूट्रोफिल आणखी मंदावतात. मधुमेही माणसाचे तळवे रोज रात्री उजेडात पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट. त्यांना स्वतःला ते दिसत नाहीत आणि कित्येकदा दुखतही नाही.

क्षयाचे जंतूही नागिणीसारखेच वर्षानुवर्षं दबून असतात. म्हातारपणी रक्त पडणं, जोराचा ताप ही लक्षणं नसतीलच असं नाही. नुसतं वजन उतरतं, भूक जाते. दोन आठवड्यांपुढे खोकला किंवा कारण नसताना वजन घटत असेल तर सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्या, ती आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. रुग्णाला पोषणासाठी मिळणारी मदतही नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झाली.

आणखी एक प्रकार असा. सकाळी खांदे आणि मांड्या इतक्या आखडलेल्या की केस विंचरता येत नाहीत, तासभराने जरा सैल पडतं. साठी-सत्तरीत हे नवीन सुरू झालं तर ती गुडघ्याची झीज नव्हे. प्रतिकारशक्तीच आपल्या शरीरावर उलटल्याची ही खूण असू शकते. याला औषध आहे आणि ते लवकर लागू पडतं. सोबत कानशिलात नवी डोकेदुखी किंवा दिसायला अंधूक होत असेल तर एक दिवसही थांबू नका.

काय घरात आणू नका

"इम्युनिटी वाढवणारं" म्हणून विकलं जाणारं काहीही. प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी भरता येत नाही. तिचा एक भाग कमी पडलेला असतो, दुसरा जास्त पेटलेला. २०१७ साली एका मोठ्या चाचणीत दाह दाबणारं औषध दिल्यावर हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण त्याच रुग्णांत जीवघेणे संसर्ग थोडे वाढले. इतकं नाजूक गणित असताना पुडीतल्या अनोळखी पावडरीवर विश्वास कसा ठेवायचा? सांधेदुखीवर दोन दिवसांत जादू करणाऱ्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. त्याने साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, संसर्ग झाकला जातो. अशी पुडी महिनोन्‌महिने चालू असेल तर एकदम बंदही करू नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा. आल्याचा चहा, हळदीचं दूध आवडीने प्या, पण त्याच्या भरवशावर लस टाळू नका.

शेवटचं काम कागदाचं. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्ड आधारवरून निघतं. म्हातारपणी बोटांचे ठसे पुसट झालेले असतात, त्यामुळे पडताळणीला कधी कधी दोन-तीन खेपा होतात. त्या माणूस धडधाकट असतानाच करा. कार्ड, लशींच्या नोंदी, चालू औषधांची यादी आणि ती वही, सगळं एकाच पिशवीत. आमची दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असते.